शेवटच्या वर्षाचं मीठ

आठवड्यात पाचवा गोल्डफिश उताणा तरंगला तेव्हा दिनानाथ भडकला. फिल्टर चालू, खाणं तेच, पाणीही स्वच्छ. मग मरतात कशाने? शेवटी मिठागरावर करायचा तसं त्याने काचेच्या टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. खारट!

"कमळ, यात मीठ कुणी घातलं?"

"मी," बायको म्हणाली. "मासळी हाय ती. अळणी पाण्यात कशी जगंल? बरणीतलं रोज मूठभर घालते."

"अगं बये, हे गोड्या पाण्यातले मासे!" तो ओरडला, आणि त्याची नजर रिकाम्या बरणीवर गेली. मिठागर भराव टाकून बुजवलं, त्या शेवटच्या वर्षीचं, त्याने जपून ठेवलेलं ते मीठ होतं.

उरलेले दोन मासे त्याने बादलीत सोडले. टाकीतलं पाणी मात्र त्याला ओतवेना.