खुर्ची नंबर सात

माझं नाव मालन परब, आणि आज अकरा दिवस झाले, एक सकाळ सोडली तर भिंतीवरच्या टीव्हीत ते सगळ्यात खाली आहे. वर ठळक अक्षरांत ‘फोकस स्कोअर’. त्याखाली पहिली शीतल कांबळे, अठ्ठ्याण्णव. शेवटची मालन परब, एकसष्ट. जाता-येता सगळे वाचतात, कँटीनवालासुद्धा.

अंधेरीला साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत आमची इंजेक्शनची कंपनी आहे. औषध भरून बंद केलेल्या काचेच्या छोट्या कुप्या, म्हणजे अँप्युल, आमच्या खोलीत येतात आणि आम्ही नऊ बायका त्या डोळ्यांनी तपासतो. प्रत्येकीसमोर एक खोका, त्यात ट्यूबलाइट, मागची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी. अँप्युल मानेला धरायची, उलटी करायची, गरकन फिरवायची आणि आतल्या औषधाकडे बघायचं. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. बुडबुडा वर जातो, काच खाली बसते. तेवीस वर्षं मी हेच करतेय. त्यातलं औषध कुणाच्या तरी शिरेत जायचं असतं, हे मी एक दिवस विसरलेली नाही.

काम शिकवलं सोनूबाईंनी. त्या आता निवृत्त होऊन वाकोल्याला मुलाकडे असतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, “नजर भरली की रिकामी करायची, पोरी. भरलेल्या नजरेत काच मावत नाही.” म्हणून एक ट्रे झाला की आम्ही मान वर करायचो, खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या निळ्या टाकीकडे बघायचो, मनात दहा मोजायचो आणि मग पुढचा ट्रे. अर्ध्या तासाने उठून एकमेकींच्या जागा बदलायच्या. कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण खोलीतली प्रत्येक बाई ते करायची.

मग हर्षद साहेब आले. वय एकतीस, बूट चकचकीत, स्वभाव वाईट नाही. हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल मालन डूख धरून बोलते. त्यांनी प्रत्येक खोक्यावर एक छोटा कॅमेरा बसवला. डोळा खोक्याबाहेर गेला की ‘टीं’ वाजतं आणि गुण कापले जातात; नजर हलली नाही की परत चढतात. जागा बदलणंही बंद झालं, कारण कॅमेरा खुर्चीला जोडलेला. खुर्ची नंबर सात म्हणजे मालन परब, बस्स.

“लक्षाचा कंट्रोल मेंदूच्या पुढच्या भागात असतो, ताई,” साहेबांनी कपाळाला बोट लावून सांगितलं. “तो स्नायूसारखा आहे. सवय लावली की आठ तास टिकतो.”

“आणि स्नायू आठ तास ताणून धरला तर काय होतं, साहेब?” मी विचारलं. “गोळा येतो.”

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. पंधरा दिवस सत्तरच्या खाली राहील तिची बदली पॅकिंगला, असं त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं.

पॅकिंगमध्ये काही कमीपणा नाही, तिथल्या बायका कष्टाच्या आहेत. पण मला तिथे पाठवणार ते ‘हिचं लक्ष नसतं’ असं म्हणून. तेवीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या मालाची एक तक्रार आली नाही, आणि आता माझं लक्ष नसतं! मला संताप आला. संतापाखाली भीतीही होती, ते खोटं कशाला बोलू.

नवव्या दिवशी मी सकाळभर हट्ट सोडून बघितला. टाकी नाही, मोजणं नाही, डोळे खोक्यात गाडून बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझे एक्क्याण्णव झाले. पण डबा उघडला आणि लक्षात आलं की मागच्या तासाभरातली एकही अँप्युल मला आठवत नाहीये. डोळे खोक्यात होते आणि मी जोगेश्वरीला घरी पोचून कुकर लावला होता. डबा तसाच टाकून मी माझे चार ट्रे परत मागवले, पुन्हा तपासले. तिसऱ्या ट्रेमध्ये एक धागा सापडला. अंगावर काटा आला माझ्या. दुपारपासून मी परत टाकीकडे बघायला लागले आणि टीव्हीवरचं नाव परत तळाला गेलं.

घरी लेकीला सांगितलं. अपूर्वा कॉलेजात मानसशास्त्र शिकते.

“आई, हे तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तपासलंय,” ती म्हणाली. “रडारवर बसणाऱ्या लोकांच्या चुका अर्ध्या तासातच वाढायला लागायच्या. आणि जी गोष्ट क्वचित येते ना, ती डोळ्यासमोर असली तरी मेंदू सोडून देतो.”

“म्हणजे सोनूबाईंना माहीत होतं.”

“माहीत होतं. त्यांनी रिसर्च पेपर लिहिला नाही, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी शीतलला विचारलं, अठ्ठ्याण्णव आणतेस तरी कशी?

“सोप्पंय गं ताई,” ती आवाज बारीक करून म्हणाली. “बुबुळं खोक्यात ठेवायची, मन कुठेपण न्यायचं. काल मी पोराच्या ॲडमिशनचा अख्खा फॉर्म मनात भरला. एकदा पण वाजलं नाही, झकास!”

“आणि काच?”

तिचा घास हातातच राहिला. “रोज कुठे असते यार काच,” ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

त्यानंतर मी रात्रभर विचार केला आणि आज सकाळी, अकराव्या दिवशी, न विचारता साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आमच्याकडे कपाटात दहा खराब अँप्युल कुलपात असतात, वर्षातून एकदा आमची नजर तपासायला. त्यांच्या बुडाला एक ठिपका असतो, तो फक्त निळ्या दिव्याखाली दिसतो. “त्या दहा चांगल्या मालात मिसळा आणि मला द्या,” मी म्हणाले. “मी माझ्या पद्धतीने तपासणार. टाकीकडे बघणार. वाजू दे काय वाजायचं ते.”

“आणि चुकलात तर?”

“तर उद्यापासून पॅकिंग. पंधरा दिवस कशाला थांबता?”

साहेबांनी स्वतः माल तयार केला. काल पास झालेल्या ट्रेंमधून दोनशे अँप्युल काढल्या, त्यात दहा खराब मिसळल्या. खोलीतल्या सगळ्यांनी काम थांबवलं. मी बसले. प्रत्येक ट्रेला मान वर, टाकी, दहा अंक. टीं, टीं, टीं. टीव्हीवर माझा आकडा चोपन्नावर आला.

शेवटी बाजूला काढलेल्या अँप्युल मी साहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी मोजल्या. मग परत मोजल्या.

“अकरा,” ते म्हणाले. “दहाच होत्या, ताई. चांगली अँप्युल खराब म्हणालात. चुकलात.”

“दिवा आणा.”

निळ्या दिव्याखाली दहा ठिपके चमकले. अकरावीचं बूड कोरं होतं. म्हणजे ती पास झालेल्या मालातली.

“बसा,” मी उठून म्हणाले. “माझ्या खुर्चीत बसा आणि बघा.”

साहेब बसले. अँप्युल डोळ्यांपुढे धरून टक लावून बघत राहिले. पापणीसुद्धा हलेना. अर्धा मिनिट, मिनिट.

“काही नाहीये यात,” ते म्हणाले. “बुडबुडा आहे.”

माझ्या तोंडून गावची भाषाच निघाली. “साहेबानू, बुडबुडो वर जाता! ह्यां खाली बसता!”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी वळले, तर सगळ्या टीव्हीकडे बघत होत्या. खुर्ची नंबर सातचा आकडा भराभर चढत होता. एकदाही न वाजता तो शंभरावर जाऊन थांबला. मालन परब, शंभर. अकरा दिवसांत पहिल्यांदा माझं नाव सगळ्यात वर गेलं, आणि मी खुर्चीच्या बाजूला उभी होते.

“साहेब, कॅमेरा तुम्हाला शंभर देतोय,” मी म्हणाले. “काच दिसली का?”

त्यांनी टीव्ही बघितला. मग डोळे मिटले. मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी खिडकीकडे बघितलं, टाकीकडे. टीं वाजलं. त्यांनी अँप्युल परत उलटी केली, फिरवली, काळ्यावर धरली. आणि त्यांचा चेहरा उतरला. नखाच्या कडेएवढा तुकडा, चमकत खाली बसत होता.

“कुणी पास केली ही?” त्यांनी विचारलं. ट्रेवरच्या चिठ्ठीतला खुर्चीचा नंबर मी वाचला होता, पण नाव माझ्या तोंडून जाणार नव्हतं.

“मी,” शीतल उभी राहून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “त्या ट्रेंवर माझा नंबर आहे, सर. काल मला अठ्ठ्याण्णव होते.”

साहेबांनी फोन उचलला आणि कालचा सगळा माल गोदामातच थांबवायला सांगितलं. सहा हजार अँप्युल. सगळ्या परत तपासायच्या.

“कॅमेऱ्याचं काय करायचं, ते मला वर विचारावं लागेल,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

“विचारा,” मी म्हणाले. “तोवर वाजू दे.”

शीतलला मी माझ्या शेजारी बसवलं. पहिला ट्रे झाला तशी तिने घाबरत मान वर केली. मग मी केली, मग बाकीच्या सात जणींनी. खोलीत नऊच्या नऊ कॅमेरे एकदम वाजायला लागले आणि आम्ही टाकीकडे बघत सावकाश दहापर्यंत मोजलं.