दुपारनंतरचा संडास

"माणसाने एकदा हद्द आखली की ती मरेपर्यंत पाळावी. मी पाळली. सख्ख्या भावालाही बोटभर सूट दिली नाही," असं थोरल्यांनी जाहीर केलं. जन्मभर जमिनींची मोजणी करून निवृत्त झालेल्या माणसाच्या तोंडी हे शोभलंही असतं. पण त्या वेळी त्यांच्या अंगात रुग्णालयाचा झगा होता, पाठीमागे नाडीने बांधायचा आणि कधीच नीट न बांधला जाणारा.

"डाव्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या," नर्स म्हणाली, आणि थोरले तत्त्वांसकट वळले.

गुंगी उतरली तेव्हा डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून समोर उभ्या होत्या. दुर्बीण आत घातली आणि तशीच बाहेर काढली, असं त्यांनी सांगितलं. आतडं साफच झालेलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी थोरल्यांच्या मोठ्या आतड्याचा एक तुकडा कर्करोगापायी कापून काढला होता. रोग पुन्हा डोकं वर काढतो का यावर नजर ठेवायची, काढलंच तर वाटाण्याएवढा असतानाच उपटायचा, यासाठी ही तपासणी. मागची त्यांनी बुडवली होती. यंदा रक्तातला एक आकडा वर सरकला होता आणि डॉक्टरीणबाईंना तो मुळीच आवडला नव्हता.

नर्सने उलटतपासणी सुरू केली. पोट साफ करायचं औषध कधी प्यायलात? रात्री दहानंतर. दुपारी चारला प्या म्हणून बजावलं होतं ना? बजावलं होतं. मग?

"दहाच्या आधी संडास माझा नसतो," थोरले म्हणाले.

नर्सने आजवर सबबी पुष्कळ ऐकल्या होत्या. ही तिने डॉक्टरीणबाईंसमोर पुन्हा म्हणवून घेतली.

निकाल असा लागला की पुढच्या आठवड्यात यायचं, औषध चारलाच घ्यायचं आणि सोबत घरचं माणूस आणायचं. घरचं माणूस बाहेर बसलंय की, मावसभाऊ आहे, असं थोरल्यांनी ठोकून दिलं.

"तुमचा मावसभाऊ मीटर चालू ठेवून बसलाय," नर्स म्हणाली. "टॅक्सीवाला चालणार नाही."

घरचं माणूस म्हणजे धाकटे. आई गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा मोजणी थोरल्यांनीच केली होती. टेप थोरल्यांच्या बाजूला आली की जरा ताणली जाते, असं धाकट्यांचं म्हणणं पडलं आणि तिथपासून दोघांचं बोलणं बंद. खोल्या खडूच्या रेघेने वाटल्या, जिना कठड्यावरून वाटला. संडास एकच. त्यात रेघ मारून बघितली, पण बसायची सोय कुणाच्याच वाट्याला पुरती येईना. शेवटी तो घड्याळाने वाटला. धाकट्यांची बेकरी. पहाटेच्या अंधारात जायचं, दुपारी परतायचं. म्हणून दुपारी बारा ते रात्री दहा धाकट्यांचा, उरलेला वेळ थोरल्यांचा. थोरले विधुर, एकटे. त्यांनी ती वेळ इतकी कडक पाळली होती की त्यांचं पोटही मोजणी खात्यात नोकरीला असावं असं वाटे.

दोन्ही बाजूंचे निरोप धाकट्यांची बायको पोचवायची. त्यातल्या शिव्या ती वाटेतच गाळायची, त्यामुळे पोचेपर्यंत निरोप अगदी आटोपशीर होत.

"ते म्हणतायत, एक संध्याकाळ देतो," ती येऊन म्हणाली. "जिन्याखालची जागा द्या."

थोरल्यांनी उत्तर पाठवलं. ते सगळंच्या सगळं गाळावं लागलं. दोन दिवस ताणून धरल्यावर त्यांनी जागा सोडली, आणि सोडताना मोजून सोडली. सोबत येण्याची वाटाघाट मात्र अडली. धाकटे म्हणाले, मी त्याची हमाली करायला जन्माला आलेलो नाही. तेव्हा त्यांच्या बायकोने दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मग उद्यापासून तुमचं तुम्ही बोला, मी निरोप पोचवणार नाही. ही धमकी इतकी भयंकर होती की धाकटे निमूट कबूल झाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी चारला थोरले, चव जिभेला लागू नये म्हणून नळीने, औषध प्यायले आणि सहाच्या सुमारास औषधाने कामाला हात घातला. आठला धाकट्यांनी दारावर थाप मारली.

"बाहेर ये."

"जागा घेतलीस ना? ही संध्याकाळ माझी आहे."

"एकदा जायला दिली होती. सहापासून तू आत-बाहेर, आत-बाहेर करतोयस. मी काय करायचं?"

"बेकरीत जा."

"ही तुझी जुनी खोड आहे. दिलं बोटभर की घेतलं हातभर."

आतून आधी औषधाचं उत्तर आलं. मग थोरल्यांचं.

"मला बघायचंय की ते परत आलंय का," थोरले म्हणाले. "आलं असेल तर मला कळायला हवं. तुला एक रात्र दम धरवत नाही?"

"आलं असलं तरी तुझ्या हद्दीत आलंय," धाकटे म्हणाले, आणि चपला फटफटवत बेकरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आतडं असं लख्ख निघालं की नर्सनेही मान डोलावली. मांसाचा एक कोंब सापडला, लहानसा. डॉक्टरीणबाईंनी तो तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवला आणि वेळेत आलात असं सांगितलं. पुन्हा वर्षभराने यायचं. मग त्या धाकट्यांकडे वळल्या. सख्खे भाऊ का? तुमची तपासणी कधी झाली?

"माझा काय संबंध?" धाकटे म्हणाले. "आमची वाटणी झालीय."

"आतड्यांची झालेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एका भावाला असलं काही झालं की दुसऱ्याने बघून घ्यायचं असतं, हेही त्यांनी समजावलं. नर्सने धाकट्यांच्या हातात तारीख आणि औषधाचं पाकीट ठेवलं. परतीच्या टॅक्सीत थोरले गुंगीत होते, तरी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं होतं की धाकट्यांनी सगळी वाट खिडकीबाहेर बघून काढली.

कोंबाचा अहवाल चांगला आला. त्याच आठवड्यात एका दुपारी धाकटे स्वतः, निरोप्याविना, खडूच्या रेघेपाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला, एका हातात औषधाने भरलेला तांब्या. थोरले खुर्चीत ताठ झाले. माफी असेल तर काय म्हणायचं, भांडण असेल तर काय म्हणायचं, दोन्ही भाषणं त्यांची वर्षानुवर्षं तयार होती. त्यांनी घसा साफ केला.

"दादा," धाकटे तांब्याकडे बघत म्हणाले, "ही म्हणते, तू हे नळीने प्यायलास. ती नळी टाकली नसलीस तर दे."