नादकाट्याच्या जरा वर

धाकट्याने जुनं ब्लँकेट गुंडाळून मागच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत कोंबलं, पायाने दाबलं आणि मागे सरून ऐकलं. काही फरक नाही. आतलं यंत्र तसंच एका सुरात केकाटत होतं. बुटांच्या खोक्याहून थोडा मोठा त्याचा जीव, पण देवाने जगात भिंती म्हणून काही चीज केली आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं.

पुढच्या खोलीत दादा एक अकॉर्डियन उघडून बसला होता. बिघडलेली वाद्यं सुरात आणणं हा त्याचा धंदा. पोलादाची नखाएवढी पत्ती घ्यायची, तिच्यावरून हलकेच कानस फिरवायची, फुंकर मारायची, ऐकायचं. सकाळी एकदा ठरलेला एकच सूर देणारा नादकाटा टेबलावर वाजवला की तो सूर दिवसभर त्याच्या कानात मुक्कामाला. सूर मोजायला उपकरणं लावणाऱ्यांना तो हसायचा.

“दादा, त्रास होतोय का रे?”

“कसला?”

“कसला म्हणजे? मागे यंत्र चालू आहे.”

“असं होय! चालू दे की.” दादाने मानही वर केली नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

“काय म्हणतायत?” ती ओरडली.

“त्रास होत नाही म्हणतोय.”

“आं?”

धाकट्याने नुसताच हात हलवला.

त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद पडलं, तेव्हापासून हा माणूस घरात असून नसल्यासारखा होता. जेवायला हाक मारली तर यायचा, नाही मारली तर खिडकीतच. मग कधीतरी त्याने क्रिप्टो मायनिंगचं मनावर घेतलं आणि पुन्हा घरात त्याची बडबड सुरू झाली. यंत्रांनी रात्रंदिवस आकडेमोड करायची, जमलं तर त्याबद्दल नाणं मिळतं, ते नाणं हातात धरता येत नाही, पण विकता येतं. वहिनीने हे सगळं श्रद्धेने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही सकाळी वेळेवर उठणार ना?”

अडलं होतं ते निवडीपाशी. एक तर मायनिंगसाठीच जन्माला आलेलं हे यंत्र. तेवढ्याच विजेत दसपट काम उरकणार, पण दुसरं काहीही येत नाही. नवं मॉडेल आलं की याचं भंगारातलं वजन तेवढं उरणार. नाहीतर ग्राफिक्स कार्डं. ती कासवाच्या चालीने कमावणार, पण उद्या मायनिंग परवडेनासं झालं तर त्यांच्यावर चित्रफिती करा, नकाशे करा, कुणाला विका. विक्रेत्याने हे यंत्र आठवडाभर वापरून बघायला दिलं होतं. आवडलं तर ठेवा, नाहीतर घेऊन जातो.

“हेच ठेव,” दादा पहिल्या दिवसापासून म्हणत होता. “एकच काम, पण नेटाने. माझं तरी वेगळं काय आहे?”

धाकटा खूश झाला होता. पण आजचं ते ‘कसला?’ त्याला खटकलं. पत्तीच्या सुरातला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, आणि त्याला शेजारच्या खोलीतली ही किंकाळी ऐकू येत नाही?

दादाच्या पाठीमागे उभं राहून त्याने किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. दादा वळला नाही. कानस चालूच.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने वहिनीला बोळे काढायला लावले.

“वहिनी, दादाला हल्ली ऐकायला कमी येतं का?”

तिने गॅस बारीक केला, ओट्यावरचं फडकं उगीच घडी करून ठेवलं.

“काल दारावरची बेल वाजत होती,” ती म्हणाली. “शेजारीच बसले होते. उठले नाहीत. मी म्हटलं, कामात असतील.” मग हळूच, “भाऊजी, त्यांचे कान म्हणजे... त्याशिवाय आहे काय हो आपल्याकडे?”

यंत्र आणण्याआधी दादाचे कान शाबूत होते, एवढंच धाकट्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

अकॉर्डियन त्याच संध्याकाळी गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलं. शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंनी ते खुर्चीवर ठेवलं आणि घाम पुसला.

“रागावू नका,” त्या दादाला म्हणाल्या. “इतकं गोड हे कधीच वाजलं नव्हतं. नुसतं ऐकत बसावं. पण शाळेच्या पियानोबरोबर वाजवलं की दोघांचं भांडण. पोरं म्हणतात, बाई, पेटी चिडलीये.”

“पियानो उतरला असेल.”

“तुम्हीच तर महिन्यापूर्वी लावलात!”

वहिनी दारात थिजली. धाकट्याने खाली बघितलं. दादाने अकॉर्डियन मांडीवर घेतलं, भाता ओढला, एक पट्टी दाबून धरली. मग नादकाटा वाजवून कानाशी नेला. पुन्हा वाजवला. त्याच्या कपाळावर आठी आली आणि तिथेच राहिली.

“चढलंय,” तो म्हणाला. “सगळंच्या सगळं. प्रत्येक पत्ती सारखीच चढलीये.”

दादा भिंतीकडे बघत राहिला, मागच्या खोलीच्या भिंतीकडे.

“जा, ते बंद कर.”

धाकटा पळाला. यंत्र निवलं तशी घरावरून कुणीतरी जडशीळ गोधडी उचलल्यासारखं वाटलं. दादाने पट्टी दाबली, ऐकली.

“आता चालू कर.”

यंत्र आधी नेहमीसारखं बोंबललं, मग हळूहळू आपल्या सुरावर येऊन बसलं. आणि तो सूर अकॉर्डियनच्या सुरात विरघळला. दोन आवाज होते, ते एक झाले. कुठे थरथर नाही, कुठे फट नाही. दादा त्या यंत्राबरोबर अख्खं वाद्य बिनचूक लावून बसला होता.

बाईंना काहीच कळेना. वहिनी मात्र मटकन स्टुलावर बसली आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“म्हणजे तुम्हाला ऐकू येतंय!”

“ऐकू येतंय? अगं, पहिल्या दिवसापासून दाढेत शिरलंय ते!”

“आणि परवा बेल वाजली ती?”

“वाजली की. तू उठशील म्हणून बसलो.”

“किल्ल्या?” धाकट्याने विचारलं.

“तुला वेंधळा म्हणून लहानपणापासून ओळखतो. दर वेळी काय वळून बघायचं?”

“पण मग त्रास होतोय म्हणून सांगायचं नाही का, दादा?”

दादाने भात्याचा पट्टा अडकवला, सोडला, पुन्हा अडकवला.

“वर्षभर हे घर फार शांत होतं रे,” तो म्हणाला.

धाकटा मागे गेला आणि यंत्राची तार त्याने भिंतीतून उपटली. देवा, सुटलो, असं तो पुटपुटला.

विक्रेत्याने यंत्र नेलं, ग्राफिक्स कार्डं आली. मोठमोठे पंखे, मुळातच सावकाश फिरणारे, आणि त्यांची गती कॉम्प्युटरवरून हवी तेवढी कमी-जास्त करता येणारी. धाकट्याने ती उघड्या चौकटीत ओळीने बसवली. दादा नादकाटा घेऊन दाराशी उभा राहिला.

“वर आहे. उतरव.”

“इतकं?”

“अजून. अजून थोडं... हं, गेलास पलीकडे. परत ये.”

“दादा, हे पंखे आहेत. ते थंड ठेवायला असतात.”

“ठेवू देत की. सुरात ठेवू देत.”

बराच वेळ ही ओढाताण चालली. शेवटी नादकाटा आणि पंखे इतके एकमेकांत मिसळले, की कोणता कुठे संपतो ते धाकट्यालाही सांगता येईना. कमाई त्या यंत्राच्या मानाने अगदीच किरकोळ होणार, हे त्याने आधीच मनाशी कबूल करून टाकलं होतं. त्याने पडद्यावर तापमान पाहिलं. जरा जास्त होतं. गती एक पायरी वाढवायला त्याने बोट पुढे केलं.

दादाने त्याचं मनगट धरलं आणि मानेनेच स्वयंपाकघराकडे खूण केली.

वहिनी भांडी पुसत होती. कानात बोळे नव्हते. तिच्याही नकळत ती देवाचं काहीतरी गुणगुणत होती, आणि तिचा सूर पंख्यांवर अलगद टेकलेला होता.

“राहू दे,” दादा म्हणाला. “तापलं तर खिडकी उघड.”