हळद प्यायलेला रेडिएटर

वाचकहो, आज या ठिकाणी एका रेडिएटरची जीवनकहाणी जन्मापासून अंतापर्यंत सादर करण्यात येत आहे. ती दुःखद आहे, परंतु सत्य डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेली आहे. तरी शांत चित्ताने वाचावी, ही नम्र विनंती.

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. सध्या विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजमध्ये तारेने भिंतीवर टांगलेला आहे. माझे दोन तुकडे झालेले आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. बारीक नळ्या एकमेकींशेजारी उभ्या करून त्यांमध्ये पातळ पत्र्याच्या घड्या बसवल्या गेल्या आणि मला आकार आला. पुढे एका सात आसनी गाडीच्या जाळीमागे माझी नेमणूक झाली. इंजिन तापते, त्याचा ताप घेऊन हिरवे कूलंट माझ्यात येते, वाऱ्याने थंड होते आणि परत जाते. एवढेच माझे काम. परंतु ते एक क्षणही बंद पडून चालत नाही.

आंबिवलीजवळच्या गावातील काळुराम या गृहस्थांनी आमची गाडी घेतली. त्यांच्या पत्नी शालूताई यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिससाठी ठाण्याच्या रुग्णालयात न्यावे लागे. यंत्रातून त्यांचे रक्त स्वच्छ होऊन परत अंगात जाई. ते ऐकून मला वाटे, त्या यंत्राचे आणि माझे काम एकाच जातीचे आहे. त्यांचा मुलगा प्रितम गाडी चालवी. उतरताना शालूताई बॉनेटवर हात ठेवत आणि म्हणत, "गुणाची गो माझी बाय." ती स्तुती गाडीची होती, परंतु हात माझ्या डोक्यावर असे.

पुढे कन्या कल्पिता हिचे लग्न ठरले. अंगण सारवताना तिलाच प्रथम दिसले.

"दादा, गाडीखाली हिरवं काय पडलंय रे?"

"एसीचं पाणी असंल."

"एसीचं पाणी हिरवं? आणि असं चिकट? वास बघ, गोड येतो."

"तू लग्नाचं बघ ना! मिस्त्री कधीपासून झालीस?"

मित्रांनो, एसीचे पाणी साधे असते. हिरवे, चिकट, गोडसर वासाचे पाणी हे माझे रक्त असते. प्रितमने कूलंटच्या बाटलीत बोअरचे पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा खाली गेली, तेव्हा तो गाडी विठ्ठलवाडीला जगन मिस्त्रींकडे घेऊन आला.

जगन यांनी इंजिन थंड होऊ दिले. नंतर झाकण काढून माझ्या तोंडावर हातपंप बसवला आणि हवा भरली. पंपाचा काटा चढला, थोडा थांबला आणि हळूहळू उतरू लागला. त्यांनी रबरी पाइप दाबून पाहिले, पाण्याच्या पंपाखाली बोट फिरवले. दोन्ही कोरडे होते. मग विजेरी घेऊन ते गाडीखाली झोपले. माझ्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर होती आणि तिथून थेंब येत होता.

"रेडिएटर बदलावा लागेल. गाडी दोन दिवस ठेवून जा."

"परवा बहिणीची हळद आहे, जगनभाऊ! पाहुणे कशात आणू? तुमच्या स्टुलावर बसवून?"

"मग पाणी बघत बघत चालव. पण लग्न झालं की पहिली इकडे आण."

प्रितम हो म्हणाला आणि जगन यांनी गाडी अडवली नाही.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव सजला. धवलारिणी बायका लग्नाची गाणी, धवले, गात होत्या. त्याच दिवशी शालूताईंची ठाण्याला डायलिसिसची पाळी होती. काळुराम म्हणाले, "चल, जाऊन येऊ." त्यांनी पदर खोचला. "पोरीला हलद लागतेय आणि मी हॉस्पिटलात पडू? मना काय व्हत नाय." त्या गेल्या नाहीत. त्यांचे पाय सुजलेले होते. मी समोरच उभा होतो, मला दिसत होते.

इतक्यात मांडवाच्या कडेला माझे पाणी ओघळत आले. काळुरामांचे मेहुणे आनंदामामा पुढे झाले.

"जखमेला हलद लावतो ना आपन? मंग हिला पन लाव!"

"मामा, गाडी हाय ती, नवरी नाय!"

"गप रे! जुने ड्रायव्हर हेच करीत. आन ती परात."

सर्वजण हसले. नवरीच्या परातीतील उरलेली हळद पाण्यात कालवून माझ्यात ओतण्यात आली. आणि मित्रांनो, गळती खरोखरच थांबली! मामांच्या पाठीवर थापा पडल्या. चीर बुजली हे सर्वांनी पाहिले. परंतु तीच हळद माझ्या बारीक नळ्यांतही बसत होती, हे कोणालाच दिसले नाही.

लग्न थाटात झाले. गाडीतील तापमानाचा काटा मध्यावरून थोडा वर राहू लागला. प्रितम म्हणाला, "ऊन आहे." गळत नव्हते, म्हणून पुन्हा कोणी वाकून पाहिले नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालूताईंना श्वास घेता येईना. त्यांना मागच्या आसनावर घेऊन गाडी ठाण्याकडे धावली. कोनगावपर्यंत वाऱ्याने मला साथ दिली. रांजनोली नाक्यावर वाहने अडली आणि वारा संपला. मी पाणी ढकलू पाहत होतो, पण वाटा बुजल्या होत्या. काटा लाल रेघेत गेला.

"थांबव रे, वाफ येतेय," काळुराम म्हणाले.

"थांबलो तर आई..."

त्याने वाक्य पूर्ण केले नाही आणि गाडीही थांबवली नाही. साकेतच्या पुलावर इंजिन जागच्या जागी आवळले गेले आणि गाडी बंद पडली. प्रितमने घाईने माझे झाकण फिरवले. उकळत्या वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मित्रांनो, तो हात मी भाजला.

एका रिक्षेत शालूताईंना घातले गेले. त्यांचा पाय बाहेर लोंबत होता, काळुरामांनी तो आत घेतला. मी पुलावरच राहिलो.

पुढचे मला गॅरेजमध्ये कळले. रुग्णालयाच्या दारात त्यांना खाली उतरवले, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

तेरावे झाल्यावर घरचे गाडी पाहण्यास आले. जगन यांनी मला करवतीने मधोमध कापले. नळ्यांतून पिवळा, घट्ट गाळ बाहेर पडला. कल्पिताच्या हातात अजून हिरवा चुडा होता. तिने चिमूटभर गाळ उचलला, बोटांत चोळला.

"दादा, ही माझीच हलद ना?"

प्रितम पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिला. आनंदामामा दाराबाहेर गेले. तिने ती चिमूट टाकली नाही. रुमालाच्या कोपऱ्यात बांधून घेतली.

मित्रांनो, आता माझे एवढेच मागणे आहे. पाणी कमी होत असेल तर ते कोठे जाते ते शोधा. काटा चढला तर गाडी थांबवा. तापलेले झाकण उघडू नका. गळती थांबली म्हणजे दुखणे बरे झाले, असे समजू नका. आणि घरातील कोणी "मला काही होत नाही" म्हणाले, तर एकदा वाकून त्यांच्या पायांकडे पाहा.

या मुक्या रेडिएटरच्या वतीने, आपण वेळ काढून वाचलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
जगन गायकर, गॅरेजवाला, विठ्ठलवाडी