थोरलीची वाट

पाठीवरचं पोर गदागदा हलत होतं तरी आकेयो धावतच सुटली होती, आणि तिच्या मागे शेतीगटातल्या सगळ्या बायका. पाऊस झाला होता ना! शेत असं मऊ झालं होतं की पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. आणि बांधावर उसवाल्याचा ट्रॅक्टर येऊन उभाही राहिला होता.

चर्चनं गटाला जमीन दिली तेव्हाच पाद्री म्हणाले होते, पहिल्या पावसात पेरलीत तर तुमची, पडीक दिसली तर उसाला. गेल्या हंगामात इथल्याच ज्वारीची पेज शाळेतल्या पोरांनी प्यायली. बाजारातल्या व्यापाऱ्याचं किडकं पीठ कुणी घेतलंच नाही, तोंड बघायचं होतं त्याचं! आता जमीन गेली की परत त्याच्याच दारात.

मग पेरा ना! पण नाही. थोरल्या बायकोनं पहिलं बी टाकल्याशिवाय धाकट्यांनी मातीला हात लावायचा नाही, हे उगेन्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. लावला तर चिरा लागतो, रीत मोडल्याचा शाप, घरातलं माणूस जातं. आता गटाच्या शेतात कसली आलीय थोरली न धाकटी? पण सुरुवातीला चिऱ्याच्या भीतीनं म्हाताऱ्या काही गटात येईनात, तेव्हा आकेयोच हसत हसत म्हणाली होती, "अगं, आपण सगळ्या सवती या शेतावरच्या! दानी आपोंडी थोरली." दानी म्हणजे अख्ख्या गावाची आजी. काय हसल्या होत्या सगळ्या! आणि आल्या. दोन हंगाम दानीनंच पहिलं बी टाकलं. मग ती पडली, डोक्याला लागलं, तेव्हापासून मनानं कधी इथे असायची, कधी कुठेतरी.

"दानी, ऊठ ना गं! पाऊस आला." आकेयोनं तिच्या दारातूनच हाक मारली.

"मग भांडी लाव गळतीखाली, मला कशाला उठवतेस?"

चौघींनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच उचलली.

"लग्नातसुद्धा कुणी उचललं नव्हतं मला," दानी वरून म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. आकेयोला वाटलं, झालं, जमलं!

शेताच्या कडेला खुर्ची टेकवली. आकेयोनं तिच्या मुठीत ज्वारी दिली.

"टाक दानी."

दानीनं मूठ घट्ट मिटली आणि वाटेकडे बघत बसली. "थांबा."

"अगं, कुणासाठी?"

"थोरली यायचीय. ती टाकेल, मग मधली, मग मी. मी तिसरी ना."

दानीच्या नवऱ्याची ती थोरली बायको आकेयोच्या जन्माआधीच गेलेली.

"दानी, ती नाही गं आता. तूच थोरली."

"हळू बोल! ऐकलं तर कानाखाली देईल."

गटातली ऊकोची आई खाली बसली, तिनं दानीची बोटं उकलून पाहिली. बोटं कसली, मुळ्याच. "आणि बी ओढून काढलं," ती म्हणाली, "तर ते हिनं टाकलं असं होईल का?"



"मी टाकते!" आकेयोनं ओंजळभर बी घेतलं, चपला भिरकावल्या. "काही होत नाही, मी टाकते!" एक पाय चिखलात गेलासुद्धा.

ऊकोची आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पाठीवर पोर आहे तुझ्या."

पोराचा ऊन ऊन श्वास मानेला लागत होता. शाळेत असताना चिरा-बिरा काही नसतं म्हणून मास्तरांशी किती हुज्जत घातली होती आकेयोनं, किती हसली होती! आता दुसरा पाय उचलेचना. ओंजळीतलं बी घामानं हाताला चिकटलं.

बांधावरून ड्रायव्हर ओगोलानं हाक मारली. गावातलाच पोरगा, लाजतच होता बिचारा. "ताई, मालकाचा सारखा फोन येतोय. काय सांगू?"

"सांग, थोरली यायचीय," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

त्यानं फोन खिशात टाकला. मग ट्रॅक्टर सुरू केला आणि शेताकडे वळवला.

आवाज आला तशी दानीचा चेहरा उजळला. तिनं रिकाम्या हातानं डोक्यावरचा रुमाल नीट केला, खुर्चीत ताठ बसली आणि आकेयोला कोपरानं ढोसलं.

"बाजूला हो पोरी, वाट सोड. आली वाटतं."