अण्णांचं बोलणं

आमच्या धावडा गावात माझ्या नोकरीवर कुणाचा विश्वास नाही. दिवसभर वरच्या खोलीत बसून पोरगा स्वतःशी इंग्रजीत बोलतो आणि महिन्याला पगार येतो, हे लोकांना पटत नाही. शेजारचे अप्पाराव तर तोंडावर म्हणतात, "उंटावरून शेळ्या हाकून राह्यला तू. शेळ्या पुण्यात अन् उंट इथं." मी हसतो. त्यात खोटं काय आहे?

काम ऐकाल तर तुम्हीही हसाल. एका कंपनीच्या वेबसाइटवर लोक तक्रारी घेऊन येतात. त्यांच्याशी माणसासारखं बोलायला मी मशीनला शिकवतो. गिऱ्हाईक चिडलं की मशीनने आधी 'तुमची अडचण समजली' म्हणायचं, जरा थांबायचं, मग पुढचं बोलायचं. किती थांबायचं, यावरही आमच्या मीटिंगा होतात.

माय वारली त्या वर्षी मी पुणं सोडून गावी आलो. अण्णा एकटे पडले होते. बहीण साधनाताई मंठ्याला दिलेली, तिला तिचा संसार. ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली होती, मग मी कशाला मागे राहतो? वर टेबल टाकलं, इंटरनेटची वायर ओढून घेतली, दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला साळूबाई लावल्या. पोरगा असावा तर बद्रीनाथच्या कल्याणसारखा, असं वडिलांचं आणि माझं नाव घेऊन गाव म्हणू लागलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पुण्यात होतो तेव्हा रोज संध्याकाळी जेवण झालं की अण्णांचा फोन यायचा. हा माणूस समोर असला की चार शब्दांच्या पुढे सरकत नाही, पण फोन कानाला लागला की सुटायचा. मिरचीवर कोणता रोग पडला, नवी गाय धार काढताना कशी लाथ मारते, भावकीत कुणाचं कुणाशी बिनसलं, त्यांचा गुडघा कोणत्या बाजूने दुखतो. माय होती तोवर मागून ओरडायची, "आता त्याला निजू द्या." ती गेल्यावर फोन आणखी लांबला. मी तिकडे भांडी घासता घासता फोन स्पीकरवर टाकून नुसतं हं हं करायचो.

गावी आलो आणि ते बंद पडलं. एका घरातली माणसं एकमेकांना फोन कशाला करतील? आम्ही समोरासमोर जेवायचो. "मीठ दे." "लाईट गेल्ती का?" "झालं का तुझं काम?" एवढ्यात दिवस संपायचा. कधी मुद्दाम लॅपटॉप मिटून ओसरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, तर ते सावरून बसायचे आणि विचारायचे, "काही काम होतं का?" मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. काही नाही म्हणत मी उठायचो.

अण्णा वाळत चालले होते. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. ताई आली की मला बाजूला घ्यायची. "अण्णा खंगून राह्यले रे. तू घरात असून असं कसं?" मला संताप यायचा. यांच्यासाठी मी पुणं सोडलं, अजून काय करायला हवं होतं?

त्यातच ऑफिसचा मेल आला. महिनाअखेर पुण्याला हजर व्हा, नाहीतर कायमचं घरून काम करणार असं कळवा, मग मात्र बढतीचं नाव काढू नका. माझं उत्तर ठरलेलं होतं. बढती गेली खड्ड्यात, अण्णांना पुन्हा एकटं टाकायचं नाही.

ते उत्तर पाठवायच्या आत गावची विजेची डीपी जळाली. नवी बसेपर्यंत लाईट नाही, आणि लाईट नाही तर माझी नोकरी नाही, म्हणून लॅपटॉप उचलून मी ताईकडे मंठ्याला गेलो. गायीला सोडून अण्णा यायला तयार नव्हते. पहिल्याच संध्याकाळी जेवून ताट उचलत होतो, तर फोन वाजला. अण्णांचा.

"जेवला का?"

"हो. तुम्ही?"

"जेवलो. साळूबाईनं पिठलं केल्तं, बिलकुल अळणी." आणि मग बांध फुटावा तसे ते बोलत सुटले. गाय गाभण आहे. अप्पारावांनी बांधावरची बाभूळ न विचारता तोडली. रात्री पायात गोळे येतात. मी ताट तसंच हातात धरून उभा होतो.

"कल्याण, एक सांगू का? बाजारातून आलो की पिशवी कोणाच्या हातात द्यावी, ते मला अजून समजत न्हाई. तुझी माय दारातच घ्यायची. मंग मी तिथंच ठिवतो अन् बसतो जरासा."

ती पिशवी मी दर बाजारी पाहत होतो. उंबऱ्यात ठेवू नका, कुणीतरी अडखळेल, असं करवादत मीच ती आत नेत होतो.

"अण्णा, हे घरी कधी न्हाई बोलले तुम्ही."

"घरी तू कामात राहतो."

"काम सरल्यावर?"

"तोंडासमोर न्हाई येत रे बोलता. तू बी कावराबावरा होतो. तू पुण्याला होता तवा बरं होतं. रोज बोलणं व्हायचं." आणि लगेच म्हणाले, "राग नको मानू. साधना बरी हाये ना?"

मी ताईच्या गच्चीवर जाऊन रडलो. त्यानंतर मंठ्यात होतो तोवर रोज फोन आला.

डीपी बसली, मी घरी परतलो. मनात म्हटलं, आता वाट सापडली. जेवण झाल्यावर वरच्या खोलीत गेलो आणि तिथून त्यांना फोन लावला. खाली घंटी वाजली. त्यांनी उचलला. "काय झालं? तब्येत बराबर न्हाई का? खाली ये की." खाली गेलो. दोघं ओसरीवर बसलो, अंगणाकडे बघत. "उद्या पाणी भरायचंय," अण्णा म्हणाले. पुढे त्यांनाही काही सुचलं नाही, मलाही.

सकाळी ऑफिसला कळवून टाकलं, येतो.

अण्णांना सांगितलं. बढतीसाठी पोराने बापाला टाकलं, असंच गाव म्हणणार. म्हणू दे. बापाचं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून बापाला सोडून चाललो, हे मी तरी कोणत्या तोंडाने सांगू? अण्णांनी मान हलवली. "बराबर हाये. नोकरी हाये, जावं लागतं." मग आत गेले आणि आपला बटणांचा मोबाईल घेऊन आले.

"याचा आवाज वाढवून दे. तू मंठ्याला होता तवा लई बारीक यायचा."

मी पाहिलं. आवाज आधीच शेवटापर्यंत वाढवलेला होता. उगाच दोन-चार बटणं दाबली, वाढवला म्हणालो आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला.