परतीचं शीड

लेक शिडाला टाके घालत होती आणि मनातल्या मनात होडीची मालकीण होऊन बसली होती. का नाही होणार? बाबांनी चारचौघांत शब्द दिला होता, या फेरीनंतर होडी तुझी. त्या शब्दावर तिनं शिडांच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडली आणि आईबाबांबरोबर दक्षिणेला निघाली.

ही त्यांची दरवर्षीची फेरी. जाताना वारा पाठीशी, उन्हानं तापलेला लांबलचक किनारा नुसता सरकत राहायचा, हलकं शीड पुरायचं. येताना तोच वारा तोंडावर. तेव्हा जाड, आखूड शीड लागायचं. घरात त्याला परतीचं शीड म्हणत. या घरातली माणसं एक वेळ जेवण विसरतील, पण ते शीड होडीत टाकायला विसरणार नाहीत.

बाबांना यंदा भारीच हौस आली होती. "कड उसवलीय, नीट शिव. कठड्यावर रंगाचा हात फिरव." आई तर सुईनं सोललेल्या तिच्या बोटांना रोज तेल लावून द्यायची. लेक हुरळून गेली, बिचारी.

रोज रात्री मुक्कामाला शीड उतरवून ती शिवत होती. शेवटचं बंदर जवळ आलं तेव्हा हलकं शीड शिवून झालं. परतीचंही पाहून घ्यावं म्हणून तिनं पुढच्या टोकाचा कप्पा उघडला. आत जुन्या चादरी. खालीही चादरीच.

बाबा थकले, विसरायला लागले, असं तिला वाटलं.

"बाबा, परतीचं शीड घरीच राहिलं."

बाबांनी सुकाणूवरची नजर हलवली नाही. "राहू दे. परत बसनं जायचंय."

तिनं कप्प्याचं झाकण लावलं.

"कुणाला दिली होडी?"

"बंदरात माणूस थांबलाय. भला आहे. तुझ्या भल्याचंच पाहिलं, पोरी. समुद्रावर जन्म काढून आम्हाला काय मिळालं?"

"मग मला शब्द कशाला दिलात?"

"माझे गुडघे चालत नाहीत. खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

ती आईकडे वळली. आई कांदा चिरत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"चादरींच्या घड्या मीच घातल्या," आई म्हणाली.

बाबांचं एक वेळ तिनं गिळलं असतं. पण आईनं तिच्या बोटांना तेल लावता लावता केसानं गळा कापला होता.

होडी धक्क्याला लावायची वेळ आली तेव्हा बाबांनी सुकाणू तिच्याकडे दिलं. तुझ्याइतकं सफाईनं कुणाला जमतं, म्हणाले. तिच्या मनात आलं, द्यावी दगडाला घासून. पण होडीनं तिचं काय घोडं मारलं होतं? तिनं ती अलगद लावली.

भला माणूस खरंच भला होता. चप्पल काढून होडीत आला, शिडावरून हात फिरवला.

"शिवण सुरेख आहे. कुणाकडून करून घेतलीत?"

बाबांची छाती फुगली. "आमच्या लेकीनं केलीय. अगदी स्वतःची होडी असल्यासारखी शिवलीय बघा."

लेकीनं दोर त्या माणसाच्या हातात दिला.

"बस कुठून सुटते?"

"पलीकडच्या रस्त्यावरून. तिघांना जायचंय ना?"

"मला जायचंय," ती म्हणाली आणि धक्क्यावर उतरली.